सातवी पायरी

जन्मभर मूकाभिनय केलेल्या माणसाला रेडिओवर मुलाखतीला बोलवायचं, हे कुणाला सुचेल? चौकशीताईंना सुचलं.

हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. सून रेडिओ केंद्रावर टायपिस्ट म्हणून लागली आणि तीन वर्षांत, कुणी न शिकवता, टाइपरायटरवरून उठून थेट मायक्रोफोनसमोर जाऊन बसली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या घरात चौकशीची खिडकी आहे. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा बंद होत नाही." नाव केंद्रापर्यंत कसं पोचलं कुणास ठाऊक, पण चिकटलं ते चिकटलंच.

दर गुरुवारी सकाळी अकरा ते बारा ताई कुणा ना कुणा कलावंताशी गप्पा मारत. त्यांची खोड एकच. प्रश्न विचारला की त्या थांबत. समोरचा आठवत असो, चाचपडत असो, मध्ये तोंड घालत नसत. पहिल्यांदा येतं ते पाठ केलेलं उत्तर, खरं उत्तर मागून सावकाश येतं, असं त्यांचं म्हणणं.

केंद्रावर या थांबण्याला एक वैरी होता. दहा सेकंद आवाज आला नाही की आपोआप व्हायोलिनची धून सुरू करणारं यंत्र. इंजिनियर त्याला राखणदार म्हणत. ते बंद करायची किल्ली मुख्य कचेरीत, कुठल्या तरी कपाटात. राखणदार ताईंवर दोनदा भुंकला होता. एकदा एक शिल्पकार बोलता बोलता खिडकीबाहेर बघत राहिला तेव्हा, आणि एकदा एक गायिका आईच्या आठवणीने डोळ्यांतलं पाणी गिळत बसली तेव्हा. तिच्या दुःखावर व्हायोलिन असं काही बेतशीर बसलं की निम्म्या गावाला ते मुद्दाम केल्यासारखं वाटलं.

केंद्राच्या साहेबांनी ताईंना बोलावून घेतलं. "ताई, आता तिसऱ्यांदा वाजलं तर गुरुवारचा तास फर्माईशी गाण्यांना. गाणी निदान मध्येच विचारात पडत नाहीत."

आणि पुढच्याच गुरुवारी ताईंनी बोलावलं ते मौनींना. चाळीस वर्षं रंगमंचावर एक शब्द न बोललेले गृहस्थ.

"तुम्हाला नोकरीचा कंटाळा आलाय का?" इंजिनियरनी विचारलं.

"फोनवर पाऊण तास बोलले माझ्याशी. मला 'बरं, ठेवते' म्हणायलासुद्धा फट सापडेना."

ते खरंच होतं. त्या गुरुवारी सकाळी मौनी आले तेही बोलतच आले. जिना, दरवाजा, चहाचा कप, सगळ्यावर त्यांचं काहीतरी म्हणणं होतं. ताईंचा जीव भांड्यात पडला. मग लाल दिवा लागला, ताईंनी ओळख करून दिली आणि विचारलं, "बोलणं सोडून हालचालीकडे कसे वळलात?"

मौनींनी तोंड उघडलं. आतून काही येईना.

एका माणसाशी बोलणं वेगळं. दिव्यापलीकडे हजारो माणसं ऐकताहेत म्हटल्यावर हा खेळ झाला, आणि खेळात त्यांच्या घशातून आवाज कधी निघालाच नव्हता. घड्याळाचा काटा सहावर, सातवर गेला.

"श्रोतेहो, पाहुणे हसताहेत," ताई घाईने म्हणाल्या.

दुसरा प्रश्न. मौनींनी मान हलवली.

"त्यांनी मान हलवली. होकारार्थी. बहुतेक."

काचेपलीकडे साहेब येऊन उभे राहिले होते. हाताची घडी, आणि चेहऱ्यावर फर्माईशी गाणी. तिसरा प्रश्न, चौथा. दर वेळी आठव्या-नवव्या सेकंदाला ताईच काहीतरी बोलत आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना शरम वाटे. ज्या बाईने बारा वर्षं कुणाचं उत्तर तोडलं नाही, ती आता रिकाम्या जागा बुजवत सुटली होती. अशाने तास वाचला असता, पण त्यात वाचवण्यासारखं काही उरलं नसतं.

मौनींच्या कपाळावर घाम आला होता. दोन्ही हात मात्र टेबलावर स्वस्थ नव्हते. बोटं कसला तरी भार उचलत होती, ठेवत होती.

ताईंनी ते पाहिलं आणि स्टँडवरून मायक्रोफोन उपसला.

"उठा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला येतं तसं सांगा."

स्टुडिओच्या कोपऱ्यात नभोनाट्यातल्या पावलांच्या आवाजासाठी जुना लाकडी फळ्यांचा पट्टा होता. मौनी त्यावर गेले. ताईंचा उजवा गुडघा वर्षभर कुरकुरत होता, तरी वायर ओढत त्या फळ्यांशेजारी गुडघे टेकून बसल्या आणि माइक त्यांच्या बुटांपाशी धरला. इंजिनियरनी आवाजाचा खटका वर सरकवला.

मौनी काहीतरी खांद्यावर घेऊन जिना चढू लागले. सपाट फळीवर, पण माणूस चढत होता हे नक्की. पहिलं पाऊल पडलं.

"समोर एक जिना आहे," ताई हलक्या आवाजात सांगू लागल्या, "अरुंद असावा, कारण त्यांचा खांदा भिंतीला..." तेवढ्यात दुसरं पाऊल पडून गेलं. आपले शब्द त्या पावलांच्या वाटेत येताहेत हे त्यांना कळलं. त्या गप्प बसल्या.

तिसरं पाऊल. चौथं. बुटाचा तळवा टेकायचा, मग फळी हलकेच दबायची, मग श्वास. पाचवं. सहावं.

मग काही नाही.

मौनी एक पाय हवेत धरून उभे होते. श्वास रोखलेला. काचेपलीकडे इंजिनियर बोटं वर करून सेकंद मोजत होते. पाच. सहा. एक शब्द बोललं की राखणदार शांत बसला असता. सात. ताईंनी ओठ दाताखाली धरले. आठ. साहेबांनी घडी सोडून काचेला हात लावला. नऊ.

पाऊल पडलं. आधीच्यांपेक्षा लांब आणि मांजरासारखं मऊ. पुढची पावलं एकामागून एक आली. शेवटी खांद्यावरचं ओझं इतक्या हळू खाली ठेवलं गेलं की कपड्यांची सळसळ तेवढी ऐकू आली, आणि मौनींनी एक लांब श्वास सोडला.

टेलिफोनचा दिवा लुकलुकला. नंबर बघून इंजिनियरच्या चेहऱ्यावर हसू आलं. दर गुरुवारी कार्यक्रम संपल्यावर चुका सांगायला याच नंबरवरून फोन यायचा. आज पहिल्यांदाच मध्येच आला होता. त्यांनी सरळ प्रसारणाला जोडून दिला.

"मी एक श्रोती बोलतेय," सासूबाई म्हणाल्या. पाच वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली, तेव्हापासून रेडिओ उशाशी. सुनेची ओळख त्यांनी काही दाखवली नाही. "त्या गृहस्थांना विचारा, जिन्याची सातवी पायरी मोडकी आहे का?"

मौनी फळ्यांवर मटकन बसले. ताईंनी माइक त्यांच्यापुढे धरला आणि काहीएक न बोलता थांबल्या. तीन सेकंद. चार.

"मोडकी नाही, आजी," मौनी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "वाजते."

"आजी कुणाला म्हणता? तुम्ही काय पाळण्यात आहात? वाजली तर काय होतं?"

"वडील उठतात. ते रात्रपाळीला, दिवसा झोपायचे. एकच खोली आणि वर माळा. आम्हा भावंडांना हसायचं झालं तरी आवाज न करता. त्यातूनच हे सगळं शिकलो हो, दुसरं गुरुकुल नाही माझं."

"म्हणून सातवी ओलांडलीत."

"चाळीस वर्षं ओलांडतोय. पाच हजार खेळ झाले असतील. समोर बसलेल्या एकानेही विचारलं नाही."

"बघत बसले असतील. मोजायचं राहिलं. आणि खांद्यावर काय, मूल ना?"

मौनींनी डोळे पुसले. "धाकटा भाऊ. झोपलेला."

"ते कळलंच. गोणी कुणी असं ठेवत नाही."

मग मौनी जे सुटले ते थांबेनात. भाऊ, माळा, पहिला खेळ, पहिल्या खेळात फाटलेली विजार. सासूबाई फोनवरून विचारत होत्या, ताई फळ्यांवरून विचारत होत्या, आणि मध्येच सगळेच थांबत होते, पाच-पाच, सात-सात सेकंद, कुणी सेकंद न मोजता. बारा वाजत आले तेव्हा साहेबांनी काचेवर दोन बोटं वाजवली आणि हात गोल फिरवला. चालू द्या. त्या दिवशी बातम्या चार मिनिटं उशिरा लागल्या.

बाहेर आल्यावर साहेब एवढंच म्हणाले, "पुढच्या गुरुवारी कोण?"

"ठरायचंय," ताई गुडघा चोळत म्हणाल्या. "राखणदाराला न भिणारं कुणीतरी."

घरी आल्या तर सासूबाई उशी पाठीशी घेऊन ताठ बसल्या होत्या. फोन अजून मांडीवरच होता.

"एक चूक झाली तुझी."

"सांगा."

"सुरुवातीला मध्येच बडबडलीस. दुसरी पायरी मला ऐकू आली नाही. अंदाजाने धरावी लागली."

"पुढच्या वेळी नाही बडबडणार."

"बघू," सासूबाई म्हणाल्या आणि फोन बाजूला ठेवून तिला बसायला जागा करून दिली.