ज्याची फेरी, त्यालाच पत्ता

दार उघडताच पिंटूनं लोखंडी रॉड शीलाच्या खांद्यावर हाणला. दुसरा घाव तिनं हातावर झेलला, आणि मनगटाचं हाड मोडल्याचं तिला स्पष्ट ऐकू आलं. आता डोकं, हे तिला कळलं. शेगडीवरचा उकळत्या चहाचा गंज तिनं डाव्या हातानं त्याच्या तोंडावर भिरकावला. तो खाली कोसळला, पण कोसळतानाही त्यानं तिचा पाय धरून ठेवला. शेजारपाजारचे धावले म्हणून ती वाचली.

पिंटू तिचा नवरा; त्याला सोडून ती मुकुटबनला गुपचूप येऊन राहिली होती. माहेरीसुद्धा पत्ता दिला नव्हता. लोकांनी त्याला बांधलं तेव्हा तिनं विचारलं, “तुले इथलं कोणं सांगतलं?”

“दवाखान्यानं,” तो म्हणाला. भाजलेल्या तोंडानं तो हसत होता.

खरंच होतं ते. पांढरकवड्याच्या खाजगी दवाखान्यात पिंटू अँब्युलन्स चालवायचा. मधे डेंग्यू झाला तेव्हा दुसरीकडं खाट न मिळाल्यानं शीलाला तिथंच भरती व्हावं लागलं, आणि पत्ता कॉम्प्युटरमध्ये गेला. पासवर्ड असलेल्या कुणालाही कुठल्याही पेशंटचं सगळं दिसायचं. पिंटूनं चोरी केली नव्हती. नुसतं नाव टाकलं होतं.

पिंटू आत गेला. शीला वणीला राहायला गेली. पण प्लास्टर घातलं होतं तिथंच, ते काढायला त्याच दवाखान्यात यावं लागलं, तेव्हा तिनं नवा पत्ता द्यायला साफ नकार दिला. मोठ्या डॉक्टरांनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या फैजला बोलावून घेतलं. फैजनं सुचवलं, पदाप्रमाणे परवानगी देऊ: डॉक्टरला वेगळी, नर्सला वेगळी, ड्रायव्हरला वेगळी.

“ड्रायव्हरले पत्ता दिसन?” शीलानं विचारलं.

पत्त्याशिवाय अँब्युलन्स जाणार कुठं? फैजनं पदांची यादी खोडली. मग म्हणाला, नुसतं पद पाहून भागणार नाही. ज्याच्या नावावर फेरी लागली, त्यालाच त्या पेशंटचा पत्ता दिसेल, आणि फेरी संपली की बंद. डॉक्टर कुरकुरले, ऐन वेळी कुलूप लागलं तर माणूस मरेल. त्यावर फैजनं तोड काढली: जिवावर बेतलं तर डॉक्टरला कुणाचीही फाइल उघडता येईल, पण कारण लिहावं लागेल आणि त्याच क्षणी मोठ्या डॉक्टरांच्या फोनवर निरोप जाईल. तेवढं ठरल्यावरच शीलानं पत्ता लिहून दिला.

पिंटू जामिनावर सुटला आणि भरदुपारी दवाखान्यामागं त्यानं बबलूला गाठलं. बबलू दुसऱ्या अँब्युलन्सवरचा ड्रायव्हर. पिंटूनं त्याची बोटं अँब्युलन्सच्या दाराच्या फटीत घालून दार आपटलं. रडत बबलूनं दुसऱ्या हातानं मोबाइलवर दवाखान्याचं सॉफ्टवेअर उघडून शीलाचं नाव टाकलं. पत्त्याची जागा कोरी होती. हा लपवतोय असं वाटून पिंटूनं दार पुन्हा आपटलं, पुन्हा आपटलं. लोकांनी त्याला ओढून काढलं तेव्हा पत्र्यावरून रक्त ओघळत होतं. जामीन रद्द झाला. बबलूची दोन बोटं मात्र गेली.

शीला बबलूला भेटायला गेली. माझ्यापायी तू एवढं सोसलं, असं काहीतरी ती बोलायला लागली, तर त्यानं मान फिरवली.

“मले दिसलं असतं ना ताई, तं मी सांगतलं असतं,” तो म्हणाला. “पहिल्याच दणक्याले.”

शीलाला ते लागलं. पण तिला राग आला नाही. त्याच्या जागी आपण तरी काय केलं असतं? तिनं डबा उघडला, भाकरी दुधात कुस्करली आणि त्याला भरवायला बसली.