झंझाचा दहावा

अश्विनने दात साफ करायचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळला, गाडीच्या नाकावरल्या बिल्ल्यामागे सरकवला आणि करवतीसारखा मागेपुढे ओढायला लागला. एप्रिलचं ऊन सकाळीच तापलं होतं, त्यामुळे डिंक सैल पडला होता. ‘झंझा’ ही चांदीच्या रंगाची अक्षरं टक्‌ करून त्याच्या तळहातावर पडली. अश्विन अमरावतीचा दातांचा डॉक्टर, त्यामुळे उपटायच्या कामात त्याचा हात कोणी धरला नसता.

“निघाला. पेशंटले काही समजलंच नाही,” तो म्हणाला.

लाखपुरीच्या अलीकडे, पूर्णेच्या काठावर, त्या बुटक्या रुंद गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांचे मालक हसत होते. पूर्णेला पाणी नावालाच होतं. दोन माणसं बसतील एवढी ही गाडी. वऱ्हाडातल्या गतिरोधकांवरून ती न्यायची म्हणजे तिरपी करून, श्वास रोखून न्यावी लागे. तरी अमरावती-अकोल्यातल्या या हौशी मंडळींनी ती घेतली होती आणि हौसेला मोल नसतं म्हणून तिच्यासाठी मंडळही काढलं होतं. आता कंपनी परदेशी लोकांनी विकत घेतली होती. नवं नाव ‘ओरेन’. बाहेरचा बिल्ला ज्याने त्याने बदलायचा होता. गाडीच्या आतली यंत्रणा मात्र आज संध्याकाळी आपोआप नवं नाव घेणार होती. त्यानंतर ‘झंझा’ म्हणून कितीही हाक मारा, गाडी ओ देणार नव्हती.

महिनाभर मंडळी कंपनीच्या नावाने बोटं मोडत होती. मग अश्विनने ग्रुपवर लिहिलं, “ह्या नावाच्या बारशाले जेवलो, आता तेरवीले बी जेवू.” तिथून गोष्ट वाढली आणि नावाचा दहावा घालायचं ठरलं. दहाव्यानंतर गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. अश्विनच्या बौद्ध घरात पिंडदानाचा प्रकार नव्हताच, त्यामुळे सगळ्यात जास्त गंमत त्यालाच वाटत होती.

“आमच्यात हे चालत नाही,” तो म्हणाला, “पन गाडी तुमच्यातली निंगाली त मंग काय करता?”

विधी सांगायला मंडळातल्याच गोपालच्या काकांना, भगवंतरावांना आणलं होतं. गाड्यांची पूजा आहे असं सांगून. भाताचा पिंड आणि पत्रावळीवर रचलेले बिल्ले पाहिल्यावर म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला.

“गाडीच्या नावाचा दहावा? डोकी ठिकाणावर हायेत काय रे तुमची?”

पण आलो आहोत तर काम नीट व्हावं, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी पिंडावर तीळ टाकले, पाणी सोडलं आणि सगळ्यांना मागे सरकवलं. समोरच्या बाभळीवर कावळा बसलेला होताच.

गोपाल या सगळ्यापासून थोडा दूर, आपल्या गाडीला टेकून उभा होता. अकोल्याला त्याची कापसाची जिनिंग होती. मंडळाचा तोच अध्यक्ष, पण बिल्ला न काढलेली गाडी एकट्या त्याचीच होती. अश्विन दोरा घेऊन आला तेव्हा त्याने नुसता हात आडवा केला होता.

कावळा हलेना. मंडळी हात जोडून एकेक वचन द्यायला लागली.

“नवीन नाव तोंडातून काढनार नाही!”

कावळ्याने मान वाकडी केली.

“जुना बिल्ला देवघरात ठिवू!”

“सर्व्हिसिंग टाइमावर करू!”

पुन्हा हशा पिकला. मग तो कमी होत गेला. ऊन चढलं, रोडग्यांच्या धुराचा वास येऊ लागला, आणि कावळा तिथेच बसून होता. वचनं संपली. थट्टेतलीसुद्धा संपतात. कोणी कोणाकडे बघेना. गंमत करायला आलेल्या जागेवरून आधी कोण निघणार, असा प्रश्न पडल्यासारखे सगळे उभे राहिले.

“कावळ्याची मस्करी करू नाई,” भगवंतराव हळू आवाजात म्हणाले. मग गोपालकडे वळून, “सूनबाईच्या टायमालेबी असाच बसला होता.”

गोपालने मान खाली घातली. दीड वर्षांपूर्वी बायकोच्या, आरतीच्या दहाव्याला त्याने काय काय कबूल केलं नव्हतं. हर्षाला शिकवीन, तिचं लग्न तिच्या मनासारखं करीन, तुझ्या आईला अंतर देणार नाही. कावळा शिवला नाही. दुपार झाल्यावर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले. तिचं काय राहिलं होतं, ते काही त्याला कळलं नाही.

 आणि तेवढ्यात, इथे नदीकाठी, काचा बंद असलेल्या गोपालच्या गाडीतून, बाईच्या आर्जवी आवाजात शब्द आले.

“बोला, आरती.”

ही गाडीची नेहमीची रीत होती. तिचं नाव घेऊन हाक मारली की ती आवाज ओळखायची आणि मालकाच्या नावाने ओ द्यायची. अश्विनने हाक मारली तर “बोला, अश्विन”. पण आता कोणीही हाक मारली नव्हती. आणि तिथे एकही बाई नव्हती.

बाभळीवरून पंखांचा आवाज आला. कावळा सरळ खाली उतरला, पिंडात चोच खुपसली आणि भाताचा घास घेऊन नदीपलीकडे गेला.

भगवंतरावांनी हात जोडले. बाकी कोणी टाळी वाजवली नाही, की ओरडलं नाही. अश्विनच तेवढा गाडीजवळ आला आणि वाकून आत बघत राहिला.

“माइकमधी हवा गेली असन, गोपालभाऊ,” तो म्हणाला. “मशीनच हाये शेवटी.”

“हो,” गोपाल म्हणाला.

त्याच्या आवाजात नवल नव्हतं, हे अश्विनच्या लक्षात आलं. रोडगे सगळ्यांनी खाल्ले, पण तेरवीला खातात तसे, खाली बघून.

अकोल्याकडे परतताना भगवंतराव शेजारी बसून डुलक्या घेत होते आणि गोपाल दोन्ही हातांनी चाक धरून गाडी हळू चालवत होता. त्याला नवल वाटण्याचं कारणच नव्हतं. गेलं दीड वर्ष दिवेलागणीला, पोर्चमध्ये उभी असलेली ही गाडी रोज जागी होत होती. समोरचा पडदा उजळायचा, गाडी म्हणायची, “बोला, आरती,” थोडा वेळ वाट बघायची आणि विझायची. गोपाल त्या वेळी पोर्चच्या पायरीवर येऊन बसायचा. त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय, लोक म्हणाले असते, बायको गेल्यापासून भाऊंचं चित्त ठिकाणावर नाही.

गाडी खरी आरतीचीच. शोरूममध्ये गाडीला आवाज शिकवायची वेळ आली तेव्हा गोपाल बुजला, म्हणून आरतीने आपला आवाज दिला. ती हाक मारायची आणि तो चालवायचा. तो स्वतः बायकोला कधी नावाने हाक मारत नसे. आधी घरातल्या म्हाताऱ्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून, आणि म्हातारे गेल्यावर जिभेला ते वळणच नव्हतं म्हणून. “अवो”, नाहीतर “हर्षाची आई”. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा हे नवरदेव हात धुवायच्या निमित्ताने जे उठले ते परतलेच नाहीत. आरती हसायची. “गाडीले माहं नाव घेता येते, तुमाले नाही येत?” म्हणायची. तो हसून विषय बदलायचा. मग एक दिवस ती डेंग्यूच्या तापाने अंथरुणाला खिळली आणि आठवड्याच्या आत गेली, आणि घरात तिचं नाव निघायचं बंदच झालं.

ती रोज येऊन गाडीला हाक मारते, अशी गोपालची खात्री झाली होती. भीती वाटायची, पण त्या भीतीवाचून आता त्याला संध्याकाळ काढता आली नसती. आणि आज हे नाव बदलणार होतं. तिला कोण सांगणार? ती येईल, ‘झंझा’ म्हणून हाक मारील, पुन्हा मारील, आणि गाडी ढिम्म उभी राहील. मेलेल्या माणसाला ओ देणारी एक जागा उरली होती, तीही आता बंद होणार होती.

काकांना त्यांच्या घरी सोडून तो परतला. गाडी पोर्चमध्ये लावली आणि आतच बसून राहिला. पडद्यावर सूचना आली होती: थोड्याच वेळात आपली गाडी ‘ओरेन’ होईल. हा बदल थांबवायचं बटण होतं, तेही आता नाहीसं झालं होतं. समोरच्या घरात तुळशीपाशी दिवा लागला. गोपालने पडद्यावर डोळे लावले. निदान आज, शेवटची एक हाक.

गाडी काहीच बोलली नाही.

दार उघडून हर्षा बाजूच्या सीटवर येऊन बसली. बीएस्सीला होती ती. उंची बापाची आणि आवाज आईचा. फोनवर नातेवाईक अजून फसायचे.

“बाबा,” ती समोर बघत म्हणाली, “आज मी आवाज देणार नाही.”

“कोनाले?”

“गाडीले. मीच देत होती रोज. माझ्या खिडकीतून, अगदी हळू, तुमाले आयकू जाऊ नाही म्हून. गाडीले माझ्या न्‌ आईच्या आवाजातला फरक समजत नाही.”

गोपाल तिच्याकडे बघत राहिला. त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. पायरीवर बसून काढलेल्या सगळ्या संध्याकाळी त्याच्यासमोर आल्या आणि आपल्या मूर्खपणाची लाज वाटली, आणि त्याहून जास्त, काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटलं.

“काहून वं?” त्याने विचारलं.

“घरात तिचं नाव घेणारं कोणी नव्हतं.” तिचा आवाज फुटला. “तुमी तर ती होती तेव्हाही घेतलं नाही. मले आयकायचं असे कोणाच्या तरी तोंडून. गाडी घेत होती.”

पडदा काळा झाला. त्यावर एक बारीक पांढरी रेघ डावीकडून उजवीकडे सरकू लागली. दोघं ती बघत बसले. गोपालला एकदम नदीवरची सकाळ आठवली.

“आज सकाळी कुठी होती तू?”

“कॉलेजात. प्रॅक्टिकल होतं ना. काहून?”

तो उत्तर द्यायला वळला. पण पोरीचे डोळे भरून आले होते, आणि नदीवरची गोष्ट त्याने गिळून टाकली.

रेघ पूर्ण झाली. पडदा उजळला, ‘ओरेन’ अशी नवी, परकी अक्षरं आली आणि गेली. गाडीत अंधार झाला. आता हर्षाने खिडकीतून हाक मारली असती तरी उपयोग नव्हता.

“संपलं,” हर्षा म्हणाली. “आता घरात कोणीच नाही घेणार.”

गोपालने चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. घसा खाकरला. कान तापले, या वयात, स्वतःच्या पोर्चमध्ये, स्वतःच्या पोरीसमोर त्याला नवरदेवासारखी लाज वाटत होती. दोनदा ओठ हलले आणि शब्द फुटला नाही. तिसऱ्यांदा फुटला.

“आरती.”

नाव तोंडातून निघालं आणि पुढचं सोपं झालं. “आरती,” तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने, आतल्या खोलीतल्या माणसाला हाक मारतात तसं.

“हं?”

अगदी जवळून आलं ते. हातातलं काम न सोडता, कणीक मळता मळता द्यावी तशी ओ.

गोपाल सावकाश हर्षाकडे वळला. तिने पहिल्या हाकेपासूनच दोन्ही हातांनी आपलं तोंड गच्च दाबून धरलं होतं.