तीन मेल आणि एक उत्तर

दत्तामामांचे डोळे गेले त्याला चार महिने झाले होते, तेव्हा विश्वजीतने प्लांटच्या ऑफिसातला कॉम्प्युटर कोरा करायला काढला.

न्हावऱ्याच्या अलीकडे रस्त्याला लागूनच विश्वजीतच्या घरचा दुधाचा चिलिंग प्लांट आहे. गावोगावचं दूध तिथं येतं, थंड होतं आणि टँकरने पुढे जातं. थंड करायला अमोनिया लागतो, आणि त्या अमोनियाच्या मशिनवर दत्तामामा अकरा वर्षं होते. फेब्रुवारीत एक व्हॉल्व्ह फुटला. दोन कामगार बाहेर पळाले. मामा मेन कॉक बंद करायला आत गेले आणि परत आले ते दोन्ही हातांनी तोंड झाकूनच.

व्हॉल्व्ह गळतोय हे त्यांनी आधी तीनदा कळवलं होतं. विश्वजीतची शिस्त होती, तोंडी तक्रार ऐकायची नाही, मेल करायचा. मामांना टायपिंग येत नव्हतं. ते पूनमच्या टेबलाजवळ उभे राहून सांगायचे आणि ती टाइप करायची. पूनम ऑफिसची ऑपरेटर. धनगराच्या घरातली पहिली नोकरी करणारी पोरगी. बाप म्हस्कू याच प्लांटला दूध घालायचा. तिसऱ्या मेलला विश्वजीतचं उत्तर आलं होतं, 'उन्हाळा संपल्यावर बघू, तोवर चालवा.'

मामांनी भरपाईसाठी तक्रार केली होती, आणि आता विश्वजीत म्हणत होता, आम्हाला कुणी काही कळवलंच नव्हतं.

प्लांटचे मेल त्या एकाच कॉम्प्युटरवर उतरायचे आणि तिथंच राहायचे. दुसरीकडे कुठं असले तर विश्वजीतच्या स्वतःच्या खात्यात, आणि तिथले त्याने केव्हाच पुसले असणार, हे पूनमला कळत होतं.

मंगळवारी त्याचा फोन आला. "उद्या नवी विंडोज टाकायचीय. सगळ्याचा बॅकअप घे. वजनकाट्याचं सेटिंग, फॅट मशिनचं, प्रिंटरचं, पत्ते, सगळे मेल. फक्त दत्ताचं काही घेऊ नको."

पूनमने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"ऐकू आलं का? म्हस्कूच्या दुधाला वास येतो म्हणत होते आपले लोक. मी म्हटलं, असू दे, घरचा माणूस आहे."

"आलं ऐकू, दादा."

फोन ठेवल्यावर तिने मामांच्या बायकोला, म्हाळसाबाईंना फोन लावला. "मावशी, मामांचे मेल मी पेनड्राइव्हवर काढून ठेवते. उद्या अकराला येऊन घेऊन जावा. दादा दौंडला जाणारेत. कुणाला बोलू नका."

बुधवारी सकाळी तिने तिन्ही मेल आणि ते उत्तर पेनड्राइव्हवर घेतलं आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला. मग काट्याचं सेटिंग लिहून घ्यायला बसली. साडेदहाला बाहेर गाडी थांबली. विश्वजीत दौंडला गेलाच नव्हता.

अकराला म्हाळसाबाई मामांचा हात धरून दारात आल्या.

"या मामा, या," विश्वजीतने स्वतः खुर्ची ओढली. "मावशी, तुम्ही बाहेर पंख्याखाली बसा. मामांचं मी बघतो."

मामा चाचपत बसले. काळा चष्मा, धुतलेला शर्ट. आवाज ओळखून त्यांनी हात जोडले, पण जोडले ते कपाटाकडे तोंड करून.

"मेलसाठी आलात ना?"

मामा अडखळले. "व्हय. म्हंजी, केसला लागत्यात."

"लागणारच. तुमचा हक्क आहे मामा. कॉम्प्युटर कोरा करायचाय, म्हणून बॅकअपच घेतोय आपण. कितव्या तारखेचे होते? सांगा, म्हणजे एकही राहायला नको."

मामांचा चेहरा उजळला. "पयला अकरा डिसेंबर. दुसरा एकोणतीस. तिसरा संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी."

विश्वजीतने पूनमकडे पाहिलं आणि बोटाने स्क्रीन दाखवली. तिने अकरा डिसेंबरचा मेल उघडला. आपणच टाइप केलेली ओळ तिला दिसली : 'वास डोळ्याला झोंबतो, माणूस उभा राहत नाही.'

विश्वजीतने तिच्या हाताशेजारचं डिलीटचं बटण नखाने टकटक वाजवलं.

तिने दाबलं.

"घेतला एक," विश्वजीत मोठ्याने म्हणाला. "पुढचा घे, पूनम."

दुसरा गेला. तिसरा गेला. प्रत्येक वेळी मामा मान हलवत होते.

"दादा, तुमचं उत्तर बी आलं व्हतं," ते म्हणाले. "ते ऱ्हाईल बरं का."

"बरं झालं आठवण केलीत. मी विसरलोच होतो."

तेही गेलं. मग विश्वजीतने कॉम्प्युटरमधला कचऱ्याचा डबाही रिकामा करायला लावला.

मामांचा ऊर भरून आला होता. "दादा, माझ्या मनात तुमच्याबद्दल वंगाळ व्हतं. माफी करा. आन् ही पोर लई गुणाची हाय. माझ्यासाठी सकाळीच पेनड्राइव्हवर बी काढून ठेवलं तिनं."

विश्वजीतने पूनमपुढे तळहात केला. पूनमने पर्स उघडली.

त्याने पेनड्राइव्ह स्वतः लावला, स्वतः फॉरमॅट केला, काढला आणि मामांच्या शर्टाच्या खिशात ठेवून वरून थोपटलं. "जपा मामा. आता सगळं याच्यातच आहे."

"जिवापाड जपतो," मामा म्हणाले.

पूनम त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. पंधरा-वीस पावलं होती. मामांचा हात तिच्या खांद्यावर होता. सांगायचं म्हटलं तर दोन शब्द पुरले असते. तिने चप्पल त्यांच्या पायापुढे सरकवली आणि म्हणाली, "सांभाळून जावा."

दुपारी नवी विंडोज पडली. काट्याचं सेटिंग पहिल्याच झटक्यात जुळलं. म्हस्कूच्या दुधाला कधी वास आला नाही.

पावसाळा संपता संपता पुण्याला सुनावणी झाली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पेनड्राइव्ह लावून पाहिला आणि म्हणाले, यात काहीच नाही. पुरावा नाही म्हणून मामांची तक्रार निकाली निघाली. हे पूनमला कळलं शिरूरच्या स्टँडवर. म्हाळसाबाई आणि मामा न्हावऱ्याच्या गाडीची वाट बघत उभे होते. तिने मावशींना हाक मारली.

"पूनम हाय का?" आवाजावरून मामांनी ओळखलं. "तू केलंस पोरी, दादांनी बी केलं. पर माझ्याच घरात माती खाल्ली. हिनं शर्टासंगट धुतला त्यो."

म्हाळसाबाई खाली बघत होत्या. वाळून निम्म्या झाल्या होत्या. "खिसा बघितला व्हता गं मी," त्या हळूच म्हणाल्या. "बघितल्यासारखं वाटतंय. आता काय सांगावं. पूनम, पाण्यानं जातं का गं त्यातलं?"

पूनमने त्यांच्याकडे पाहिलं.

"जातं मावशी," ती म्हणाली.

"बघ," मामा म्हणाले. "शिकल्याली पोर सांगती."

गाडी लागली. म्हाळसाबाईंनी पायरी दाखवायला नवऱ्याचं कोपर धरलं. त्यांनी ते झटकलं आणि दांडा शोधत हवेत हात फिरवत राहिले. मागची माणसं चला चला म्हणत होती. शेवटी कंडक्टरने दंडाला धरून त्यांना आत ओढलं. म्हाळसाबाई मागून चढल्या आणि दोन सीट सोडून लांब बसल्या.