कौमुदीच्या पाठीशी

मी शेकायची पिशवी. लाल रबराची, अंगावर बारीक रेघा, गळ्याशी फिरकीचं झाकण. दूर दक्षिणेत, गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात जन्मले, तांबरमच्या औषधांच्या दुकानात लटकले आणि २००४ साली कौमुदीच्या घरी आले.

कौमुदी साताऱ्याची. नवरा विद्याधर तांबरमला हवाई दलात. तिला सातवा महिना लागला होता आणि कंबर भरून यायची. संध्याकाळी विद्याधर मला भरायचा, दाबून वाफ काढायचा, जुन्या पंच्यात गुंडाळून तिच्या पाठीशी ठेवायचा. कॉफीचा वास, गाड्यांचा आवाज, तिची ऊबदार पाठ. किती सुखाचे दिवस होते ते!

मग तिच्या आई विमलाबाई आल्या आणि घरात एकच विषय सुरू झाला. डॉक्टर विद्यालक्ष्मींनी सांगितलं होतं, पाठीत इंजेक्शन देतात, कळा फारशा जाणवत नाहीत. कौमुदी नको म्हणाली होती. विद्याधरला वाटलं, सुईला घाबरते. शेजारच्या कनकामामींना वाटलं, मुलगी जुन्या वळणाची आहे. त्यांनी तोंडभर कौतुक केलं, ते कौमुदीला मुळीच आवडलं नाही. विमलाबाईंना तर तो शुद्ध हट्ट वाटला.

एका दुपारी माझ्यात पाणी ओतता ओतता त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी हे असतं तर मी डोळे झाकून घेतलं असतं. तू का गं नको म्हणतेस?"

कौमुदी कुशीवर वळली. विमलाबाईंनी झाकण फिरवून मला तिच्या कमरेशी ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली होती. घाईनं पूर्ण भूल देऊन ऑपरेशन करावं लागलं. मूल थोडाच वेळ जगलं. ती शुद्धीवर आली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"सगळ्यांनी तिला पाहिलं, आई. तू पाहिलंस, ह्यांनी पाहिलं. मीच तेवढी झोपले होते."

"पण ह्या इंजेक्शननं झोप येत नाही म्हणतात ना?"

"ठाऊक आहे. तरी या वेळी मला काहीच हुकवायचं नाही, दुखणंसुद्धा. नाहीच सोसलं तर मी स्वतः मागेन. तेव्हा मी आज काय बोलले, याची आठवण करून देऊ नकोस."

विमलाबाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही. डॉक्टरीणबाईंनीही ऐकून घेतलं. ऑपरेशनची तयारी ठेवू, लागलंच तर जागं ठेवूनच करू, असं म्हणाल्या.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी मीही दवाखान्यात गेले. विमलाबाई मला तिच्या कमरेवर दाबून धरायच्या, गार झाले की पुन्हा भरून आणायच्या. दुपारी कौमुदी आईचं मनगट धरून म्हणाली, "नाही होत आता." विमलाबाईंनी तिचं तोंड पुसलं. "डॉक्टरांना बोलावू?" एवढंच विचारलं. कौमुदी बराच वेळ कण्हत राहिली आणि म्हणाली, "थोडं थांब."

नंतर मला कुणीतरी खुर्चीवर टाकलं, म्हणून पाहिलं काहीच नाही. ऐकलं मात्र. आधी बाळाचं रडणं, मग कौमुदीचं. "आई, ऐकलंस? रडतोय गं!" ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती.

अद्वय झाला. पुढे पेरुंगुडीला राहणाऱ्या कौमुदीच्या बहिणीच्या, ऊर्मीच्या बाळंतपणाची वेळ आली. ऊर्मीनं पहिल्या कळेलाच इंजेक्शन मागितलं आणि कौमुदीनंच धावत जाऊन नर्सला बोलावलं. मी सामानाच्या थैलीतच पडून होते. मला जराही वाईट वाटलं नाही.

आता २००९ उजाडलंय. रबर कडक झालंय, कडेला चीर गेलीय. उद्या भंगारवाला येईल. जाता जाता एवढंच सांगते. बाळंतपणाला निघालेल्या बाईनं सुई मागितली तर तिला भित्री म्हणू नका, नको म्हणाली तर हट्टी म्हणू नका. तिचं कारण तिच्यापाशी असतं. सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर नुसती कंबर शेकून द्या. पाणी मात्र फार कढत भरू नका.