सहावी भाषा

"मृणालजी, मराठी निकाल दीजिए," सहकारी पीयूष खुर्ची ओढून बसत म्हणाला. "हॉस्पिटलवाले बोल रहे हैं, पाँच भाषाएँ काफी हैं. मराठी लोग तो सब हिंदी समझते हैं."

सिविक सेंटरच्या त्या लहानशा ऑफिसात रुग्णांसाठी एक प्रोग्राम तयार होत होता. पलंगाजवळच्या स्क्रीनने रुग्णाला त्याच्या भाषेत काय हवं-नको विचारायचं आणि उत्तर नर्सला हिंदीत सांगायचं. हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया, मल्याळम एवढ्याच भाषा मागितल्या होत्या. मराठी मृणालने आपणहून घातली होती, आईसाठी.

आईचा, मथुराबाईंचा, सगळा संसार इकडे हिंदी मुलखात, मरोद्यात झाला. भाजीवाल्याशी, शेजारणींशी त्या फर्डी हिंदी बोलत. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली, तशी हिंदीही गेली. उरली ती भंडाऱ्याकडची, माहेरची बोली, तीही अडखळती.

मृणाल भांडली नाही. भांडणार कोणत्या तोंडाने? लेक उन्नती लहान असताना, शाळेत पोरीचा गोंधळ नको म्हणून तिच्याशी हिंदीतच बोलायचं, हे तिनेच ठरवलं होतं. तिने मराठीची फाइल काढून टाकली. प्रोग्राम पूर्वीसारखाच सुरळीत चालला. कुठेच काही अडलं नाही, हेच तिला जास्त लागलं.

दुपारीच उन्नतीचा फोन आला. ती रडत होती.

मृणाल घरी पोचली तेव्हा खोलीत लघवीचा वास भरला होता. आईचं लुगडं, चादर, गादी, सगळं ओलं. उशाशी चष्मा, बटवा, शाल, पानाचा डबा असं काय काय मांडून ठेवलेलं.

"मम्मी, नानी कब से 'मोरी, मोरी' बोल रही थीं," उन्नती हुंदके देत म्हणाली. "मुझे लगा 'मेरी' बोल रही हैं. मतलब उनकी कोई चीज़ चाहिए. मैं एक-एक करके सब लाती गई. फिर वो चिल्लाने लगीं, और फिर..."

मृणालने तिला बाहेर पाठवलं. गरम पाणी आणलं, आईला पुसून काढलं, कोरडं पातळ गुंडाळलं. मथुराबाई डोळे मिटून होत्या.

"पोरीले... रागावू नको," त्या अडखळत म्हणाल्या. "तिले कुठं समजते? मी... आता कमीच पानी पीत जाईन."

"असं कावून बोलतेस, आई?"



दारात उन्नती येऊन उभी राहिली. "मम्मी, मोरी मतलब क्या?"

"बाथरूम."

उन्नती पलंगाजवळ आली, आजीच्या कानाशी वाकली आणि जपून, एकेक अक्षर जुळवत म्हणाली, "आजी... मोरी... जाना है?"

मथुराबाईंनी चेहरा भिंतीकडे वळवला आणि धड असलेला डावा हात हळूच मागे सरकवून पायांवरचं पातळ नीट ओढून घेतलं.