परतीचं तिकीट

नवऱ्याची नोकरी दुसऱ्या शहरात; त्याची दर आठवड्याची विमानाची तिकिटं ती स्वतःच काढायची. ट्रॅव्हल एजन्सीतल्या नोकरीमुळे तिचा त्यात हातखंडा. सोमवारी जाऊन त्याच आठवड्यात शुक्रवारी यायचं म्हटलं की भाडं अव्वाच्या सव्वा. मुक्कामात शनिवारची रात्र असली की तेच निम्मं. म्हणून तिने दोन परतीची तिकिटं एकमेकांत गुंफली होती: एक इथून जाऊन-येऊन, दुसरं तिकडून येऊन-जाऊन. तीही दोन वेगळ्या विमान कंपन्यांची, म्हणजे कुणाच्याच नियमाला धक्का नाही. स्वतःच्या हुशारीवर बाईसाहेब बेहद्द खूश होत्या.

खुपायची एकच गोष्ट: त्याची तिकडची बॉस. ती त्याला दर शुक्रवारी स्वतःच्या गाडीने विमानतळावर सोडायची. "चांगल्या आहेत गं मॅडम," तो म्हणायचा, आणि हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

या शुक्रवारी तो आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "सोमवारी मॅडम तिकडे विमानतळावर न्यायला येणारेत. माझं परतीचं सकाळचंच आहे ना?"

परतीचं! तिकिटावर तसंच होतं खरं. निघाला तिकडून, परतणार तिकडे. आणि ते तिकीट काढलं होतं कोणी? हिनेच, स्वतःच्या हाताने.

 कपाटातला बशीवाला कप काढून तिने त्यात चहा ओतला.

"अगं, पाहुण्यांच्या कपात कशाला?"

"मग पाहुण्यांना कशात देतात?"