पोपट्याचं पाणी कोण बदलतं?

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. तळहातावर मावेन एवढा, काळा, पोटात एक रबरी पडदा असलेला. तो पडदा धडधडला की पाणी पुढे ढकललं जातं. तेवढंच मला येतं. पण तेवढ्यावर एका जिवाचे प्राण कसे अवलंबून राहिले आणि एका घरात संशय कसा शिरला, ते मला सांगायचं आहे.

माझी पहिली सात वर्षं अंबरनाथ पश्चिमेच्या एका स्वयंपाकघरात गेली, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या आत. नळाचं पाणी मी जोर लावून गाळणीतून दाबायचो. क्षार मागे राहायचे, गोड पाणी पेल्यात उतरायचं. पाहुणे म्हणायचे, "मशीन मस्त आहे हो तुमची!" पंपाचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. मग नवं यंत्र आलं, आणि मी उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये लच्छूभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात जुन्या नळ्यांच्या ढिगात जाऊन पडलो. वर्षभर माझ्यावर धूळ साचली.

तिथून मला बाहेर काढलं ते तेजलने. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. तिची मैत्रीण राजसी परदेशी जाताना आपला शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा परदेशी सरडा, रीतसर नोंदीच्या कागदांसकट तिच्याकडे सोपवून गेली होती. त्याचं नाव पोपट्या. हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही. पानावर साचलेले थेंबच तेवढे चाटतो. म्हणून त्याच्या पिंजऱ्यात दिवसातून तीन वेळा धुक्यासारखा फवारा हवा.

लच्छूभाईंनी मला पुसलं, वीज लावून पाहिली आणि म्हणाले, "साईं, बाहेरचा महागडा पंप कशाला? हाच लावून देतो. पण पाणी साफ पाहिजे हां! फवारा उडवणाऱ्या ह्या नॉझलचं भोक केसाएवढं आहे. पाणी खराब, तर सगळा खेळ खलास." त्यांनी पाण्यातले क्षार मोजायचा एक पेनही दिला.

अशा रीतीने मी बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या एका फ्लॅटमध्ये आलो. पिंजऱ्याशेजारच्या स्टुलावर माझी जागा. बाजूला पाच लिटरचा कॅन, त्यात माझी नळी. तेजल बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड पाणी आणून त्यात भरायची. दुकानाच्या कॅनवर तसं लेबलच होतं, त्यामुळे तो पेन खोक्यातून बाहेर निघालाच नाही.

तेजलचा नवरा महेश पुण्याला नोकरीला, महिन्यातल्या एखाद्या शनिवारी यायचा. एरवी घरात तेजल आणि तिचे सासरे हिरामणबाबा, दोघंच. बाबांनी एकतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला होता. पाणी दिसलं की ते आधी वास घेत, मग बोटांवर चोळून बघत. पोपट्याबद्दल मात्र ते चकार शब्द बोलत नसत. पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून नुसते बघत बसत. त्या बघण्याची तेजलला धास्ती वाटे. "त्यांना हे जनावर घरात नकोय," ती फोनवर महेशला म्हणायची. "बोलत नाहीत, पण मनात काहीतरी आहे."

पहिले काही आठवडे मी झकास चाललो. मग दुकानातून दुसरा कॅन आला, आणि त्यानंतर काही दिवसांतच माझ्या घशात खरखर सुरू झाली. फवारा आधी तिरका झाला, मग नुसता ठिबकू लागला. पानांवर आणि काचेवर पांढरी वर्तुळं उमटली. पोपट्याचे डोळे खोल गेले.

तेजलने नॉझल धुतलं. आठवड्याभरात पुन्हा तेच. मग तिला शंका आली. डिस्टिल्ड पाण्याचे डाग पडतीलच कसे? नक्की कुणीतरी पाणी बदलतंय. आणि दिवसभर घरात असतं तरी कोण?

एका सकाळी कामावर जाताना तिने कॅनच्या झाकणात एक बारीक दोरा अडकवला. संध्याकाळी दोरा फरशीवर पडलेला होता, आणि दिवसभर फवारे उडूनही पाणी जितकं होतं तितकंच होतं. तिने खोक्यातून पेन काढून कॅनमध्ये बुडवला. आकडा आला सातशे साठ. डिस्टिल्ड पाण्याचा आकडा दहाच्या आतबाहेर असतो, मित्रांनो.

मला तर सगळं आधीच माहीत होतं. रोज सकाळी ती गेली की बाबा उठायचे, दार लावलंय ना बघायचे, कॅन मोरीत रिकामा करायचे आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली फडकं धरून भरून आणायचे. कुणी बघत नाही ना, अशी मान वळवून. खोटं कशाला सांगू? म्हातारा डूख धरून आहे, असं मलाही वाटू लागलं होतं. पण मला वाचा नव्हती.

त्या रात्रीपासून दोन दिवस तेजलने बाबांना फक्त जेवायला हाक मारली. रविवारी सकाळी पोपट्या फांदीवरून खाली पडला. भर दिवसा डोळे मिटून, काळपट पडून तो तळाशी बसला. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवरच सांगितलं, "पाणी कमी पडलंय त्याला. ड्रॉपरने थेंब थेंब द्या आणि लगेच घेऊन या."

तेजलचा बांध फुटला. "बाबा, कॅनमधलं पाणी तुम्ही बदलता ना?"

"बदलतो," बाबा म्हणाले.

"मुका जीव आहे हो तो! त्याने काय वाकडं केलंय तुमचं?"

बाबा गॅलरीत गेले आणि दुकानातून आलेला दुसरा कॅन घेऊन आले. त्यांनी तो तिथल्या अडगळीमागे लपवून ठेवला होता, तळाशी पाणी राखून. "ह्याचा वास घे. ॲसिडचा कॅन न धुता भरून दिलाय त्या दुकानवाल्यानं. पाण्यानं बॉयलर खाल्लेला बघितलाय मी. हा तर एवढासा जीव."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू लॅबवाली. मी सांगणार आणि तू ऐकणार? म्हातारा नाक खुपसतो, म्हणाली असतीस. म्हणून गपचूप सोसायटीचं पाणी घालत होतो, रोज ताजं. बोअरचंच आहे, पण खाली मशीन लावून सॉफ्ट केलेलं, म्हणजे चुना काढलेलं. बॉयलरला आम्ही तसंच घालायचो."

तेजलने लॅबच्या पिशवीतली, आम्ल ओळखणारी लिटमसची निळी पट्टी त्या पाण्यात बुडवली. पट्टी तांबूस झाली. बाबांचा संशय खरा होता.

"पण मग हे पांढरं कसलं?" ती काचेकडे बोट दाखवत म्हणाली.

बाबांनी डागावर ओलं बोट फिरवलं. डाग लगेच विरघळला. "चुना नाय हा," ते पुटपुटले. "चुना असा पुसला जात नाय." त्यांनी बोटाचं टोक जिभेला लावलं. त्यांचा चेहरा उतरला. "खारट आहे."

ते सावकाश खुर्चीत बसले. त्या मशीनमध्ये दर आठवड्याला मिठाचं पोतं रिकामं होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चुना काढून घ्यायचा तर बदल्यात मिठाचा अंश पाण्यात उतरतो. बॉयलरला ते चालतं. केसाएवढ्या नॉझलला आणि पानावरचा थेंब चाटणाऱ्या जिवाला चालत नाही.

"म्हणजे त्याला तहानलेला मीच ठेवला," बाबा म्हणाले.

तेजल रागाने काही बोलेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "ड्रॉपर धरा बाबा. मी रिक्षा बघते."

दवाखान्यातून परत आल्यावर चार दिवस बाबा पोपट्याजवळून हलले नाहीत. दर तासाला त्याच्या ओठांवर एकेक थेंब सोडत, तो जीभ बाहेर काढेपर्यंत वाट बघत. तेजलने लच्छूभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "घरात प्यायच्या पाण्याचं मशीन आहे ना? त्यात चवीसाठी थोडं साधं पाणी मिसळतात. ते मिसळायच्या आधीची नळी काढून देतो, तेच पाणी त्याला दे." ते येऊन काम करून गेले. पेनवर आकडा आला अठरा. नॉझल कोमट पाण्यात धुतलं, माझा पडदा बदलला. पाचव्या दिवशी पोपट्या फांदीवर चढला आणि पुन्हा हिरवागार झाला.

आता दर दोन दिवसांनी कॅन धुतला जातो, उरलेलं पाणी फेकलं जातं. नवं पाणी भरलं की बाबा आधी वास घेतात. मग तेजल पेन बुडवते आणि आकडा मोठ्याने वाचते. कधी बाबा म्हणतात, "परत बघ, चुकला असेल." ती कपाळाला आठी घालते, पण परत बघते.

माझं वय झालं आहे, मित्रांनो. आणखी किती दिवस धडधडेन, सांगता येत नाही. एवढंच मागतो, की मुक्या जिवाला पाणी देताना नुसत्या लेबलावर आणि सवयीवर विसंबू नका, तपासून द्या. आणि घरातल्या माणसाबद्दल शंका आली, तर ती त्याच्यासमोर बोलून दाखवा. पोपट्याला विचारण्याची सोय नव्हती. बाबांना विचारण्याची होती.